मोबाइल, झोप आणि परीक्षेची धास्ती: मधल्या दुव्याचा हिशेब

प्रश्न

आदरणीय बाई, सा. न. मी सुदामानगरला राहते आणि मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे. माझी आई तुमच्या हाताखाली स्टॅटिस्टिक्स शिकली, तिनंच तुम्हाला लिहायला सांगितलं. भंवरकुवाच्या आसपास खोल्या घेऊन कोचिंग करणाऱ्या मुलामुलींकडून मी फॉर्म भरून घेतले. रात्री दहानंतर मोबाइल किती तास, झोप कशी (पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स) आणि परीक्षेची चिंता किती (टेस्ट अँक्झायटी इन्व्हेंटरी), असं सगळं एकाच बैठकीत विचारलं. माझं म्हणणं असं की मोबाइलनं झोप बिघडते आणि झोप बिघडली की चिंता वाढते, म्हणजे झोप हा मीडिएटर. पण मोबाइल आणि चिंता यांचा सरळ संबंध सार्थक (सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) आलाच नाही. गाईड म्हणतात, पहिलीच पायरी ओलांडली नाही, तेव्हा मीडिएशनचं प्रकरण काढून टाक, आणि ठेवायचंच असेल तर सोबेल टेस्ट लाव. बरोबरच्या एका मुलानं प्रोसेस मॅक्रो (मीडिएशनचा हिशेब करून देणारा हेज यांचा तयार प्रोग्राम) चालवून दिलं, तर अप्रत्यक्ष परिणामाच्या, म्हणजे झोपेमार्फत पोचणाऱ्या परिणामाच्या, कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये शून्य येतच नाही. तो म्हणतो, ‘फुल मीडिएशन’ लिही आणि मोकळी हो. कोणाचं ऐकू?

– एक संशोधक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर

आईचं नाव पत्रात वाचलं आणि चेहरा लगेच आठवला. म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

प्रकरण काढू नकोस, आणि ‘फुल मीडिएशन’ही लिहू नकोस. दोघांचं का ऐकायचं नाही ते सांगतेच, पण तुझ्या कामातली खरी अडचण तिसरीकडेच आहे आणि ती दोघांच्याही नजरेतून सुटली आहे.

आधी गाईडांची पायरी. ती १९८६ सालची. रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी यांचा लेख जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजीत आला आणि मानसशास्त्रात सर्वांत जास्त उल्लेखल्या गेलेल्या लेखांत जाऊन बसला. रीत सोपी होती. कारणाचा परिणामाशी संबंध दाखवा, कारणाचा मधल्या चलाशी दाखवा, कारण धरून ठेवून मधल्या चलाचा परिणामाशी दाखवा, आणि शेवटी मधला चल समीकरणात आला की सरळ संबंध घटतो किंवा नाहीसा होतो हे दाखवा. चार रिग्रेशन टेबलं, चार पानं, व्हायवाला विचारायला चार प्रश्न. तुझे गाईड ज्या काळात शिकले त्या काळात दुसरं काही शिकवतच नव्हते, तेव्हा त्यांच्यावर राग धरू नकोस.

पण पहिली पायरी गरजेची नाही. का, ते आकड्यांतच बघ. तू तुझे आकडे पाठवले नाहीस, म्हणून मी मनचे घेते. समजा रात्रीचा मोबाइल एक तासानं वाढला की झोपेचा स्कोअर ०.४० नं वाढतो. पिट्सबर्गमध्ये स्कोअर ० ते २१ असतो आणि जास्त म्हणजे वाईट, हे लक्षात ठेव. हा झाला ए. मोबाइलचे तास सारखे धरून झोपेचा स्कोअर एकानं वाढला की चिंता ०.५० नं वाढते, हा बी. अप्रत्यक्ष परिणाम म्हणजे दोघांचा गुणाकार, ०.२०. आता समजा झोप सारखी धरली तर मोबाइलचा जो उरलेला सरळ परिणाम आहे, ज्याला सी-प्राइम म्हणतात, तो उणे ०.१५ आहे. एकूण परिणाम, ज्याला सी म्हणतात, म्हणजे दोघांची बेरीज: ०.२० उणे ०.१५, म्हणजे ०.०५. इतका बारीक आकडा सार्थक येणार कसा? पहिल्या पायरीवर तू अडकणारच. पण झोपेची वाट तर तिथे आहे, धडधडीत ०.२० ची!

आणि हे उणे ०.१५ कुठून आलं असेल, याचा विचार तुझ्या गाईडांनी करायला हवा होता. तू त्या मुलांच्या खोल्या पाहिल्या आहेस. खरगोनहून, बुरहाणपूरहून, झाबुआहून आलेलं पोर रात्री अकराला मोबाइलवर करतं काय? सगळीच काही रील बघत नसतात. कोणी आईशी बोलतं, कोणी मित्राबरोबर उद्याच्या टेस्टचे प्रश्न सोडवतं. त्यानं जीव हलका होतो, चिंता कमी होते. तोच मोबाइल झोप खातो आणि चिंता वाढवतो. दोन वाटा उलट्या दिशेच्या, एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या. २०१० साली झाओ, लिंच आणि चेन यांनी जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये याला ‘कॉम्पिटिटिव्ह मीडिएशन’ म्हटलं आणि पहिल्या पायरीचा आग्रह सोडा असं स्पष्ट लिहिलं. तुझ्या फॉर्ममध्ये मोबाइलवर काय करता हा प्रश्न असेल तर तुझं प्रकरण काढून टाकण्यासारखं नाहीच, उलट थीसिसमधलं सगळ्यात वाचनीय तेच होईल. सी-प्राइमचं चिन्ह आधी बघ. ते खरंच उणे असेल तर घरी फोन करणारी मुलं आणि बाकीची मुलं वेगळी काढून पुन्हा बघ, आणि हे नंतर सुचलेलं विश्लेषण आहे असं स्वच्छ लिही.

उलट्या वाटा नसल्या तरी गोष्ट तीच. २०१४ साली केनी आणि चार्ल्स जड यांनीच सायकॉलॉजिकल सायन्समध्ये दाखवलं की एकूण परिणाम तपासण्यापेक्षा अप्रत्यक्ष परिणाम तपासण्याची ताकद कितीतरी जास्त असू शकते. म्हणजे पायऱ्या बांधणाऱ्यानंच पहिली पायरी काढून घेतली. गाईडांसमोर हाच लेख ठेव, माझा कागद नको. आमच्या पिढीला छापील नाव लागतं.

आता सोबेल. मायकेल सोबेल यांनी १९८२ मध्ये गुणाकाराच्या स्टँडर्ड एररचं सूत्र दिलं: बीचा वर्ग गुणिले एच्या स्टँडर्ड एररचा वर्ग, अधिक एचा वर्ग गुणिले बीच्या स्टँडर्ड एररचा वर्ग, आणि या बेरजेचं वर्गमूळ. माझ्या मनच्या आकड्यांत एचा एरर ०.१० आणि बीचा ०.१२ धर. ०.००२५ अधिक ०.००२३, वर्गमूळ साधारण ०.०६९. ०.२० ला त्यानं भाग, सुमारे २.९ येतं, १.९६ च्या वर, सार्थक. हिशेबात खोट नाही. खोट आहे ती पुढच्या गृहीतकात. २.९ ला १.९६ शी ताडून बघायचं तर गुणाकाराचं वितरण नॉर्मल हवं, आणि दोन नॉर्मल राशींचा गुणाकार नॉर्मल नसतो. तो एका बाजूला कलतो, विशेषतः नमुना लहान असला की. त्यामुळे सोबेल टेस्ट गरजेपेक्षा जास्त भित्री आहे. असलेला परिणाम तिला दिसत नाही.

त्या मुलानं चालवलं ते बूटस्ट्रॅप. ब्रॅडली एफ्रन यांची १९७९ ची कल्पना. मीडिएशनमध्ये ती आणली बोलेन आणि स्टाइन यांनी १९९० मध्ये, मानसशास्त्रात तिचा आग्रह धरला श्राऊट आणि बोल्जर यांनी २००२ मध्ये, आणि घरोघरी पोचवली प्रीचर आणि हेज यांनी. बटण दाबलंस तेव्हा आत काय झालं ते तुला सांगता आलं पाहिजे, नाहीतर व्हायवात गप्प उभी राहशील. समज, तुझे २२० फॉर्म आहेत. ते चिठ्ठ्यांसारखे डब्यात टाकले. एक काढली, नोंदली, परत डब्यात टाकली. अशा २२० नोंदी झाल्या. काही मुलं दोनदा-तीनदा आली, काही आलीच नाहीत. या २२० वर ए काढला, बी काढला, गुणाकार लिहून ठेवला. हे ५००० वेळा. मग ५००० गुणाकार लहानाकडून मोठ्याकडे लावले. खालून १२५ आणि वरून १२५ सोडले. मधे उरलं तो तुझा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल. नॉर्मल असण्याची अट कुठेच नाही, इंटरव्हल दोन्ही बाजूंना सारखा असण्याची सक्तीही नाही. कोष्टकात तोच दे, आणि साधा पर्सेंटाइलचा दे. ‘बायस-करेक्टेड’ नावाचा प्रकार जरा जास्तच लवकर होकार देतो, असं पुढच्या कामांत दिसलं आहे. यादृच्छिक बीज, म्हणजे सीड, लिहून ठेव, नाहीतर उद्या परीक्षकानं चालवलं की तिसऱ्या दशांशाला आकडा वेगळा येईल आणि तू घाबरशील.

तर चाचणीच्या बाबतीत तुझा मित्र बरोबर आहे. पण ‘फुल मीडिएशन’ म्हणजे सी-प्राइम सार्थक नाही, इतकंच. आणि सार्थक न येणं म्हणजे शून्य असणं नव्हे. नमुना जितका लहान, तितकं सी-प्राइम असार्थक येणं सोपं, म्हणजे जितकं काम कमी तितकं निष्कर्षाचं नाव मोठं. २२० मुलांत ‘पूर्ण’ असलेलं मीडिएशन २२०० मध्ये ‘अंशतः’ होऊन बसतं. त्यात झोप म्हणजे सगळं काही, तिसरी वाटच नाही, असा दावा. हे तुला स्वतःला तरी पटतं का? आकडा दे, इंटरव्हल दे, नाव देऊ नकोस.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. तू सगळं एकाच बैठकीत विचारलंस. सॉफ्टवेअरला कोण आधी कोण नंतर हे कळत नाही, ते तू सांगतेस. एक प्रयोग कर. त्याच फायलीत बाण उलटे कर, चिंता आधी, झोप मधे आणि मोबाइल शेवटी, आणि पुन्हा चालव. बहुतेक त्याही इंटरव्हलमध्ये शून्य येणार नाही. मग झोपेला कारण कर आणि मोबाइल मधे टाक. ज्याला झोप येत नाही तो मोबाइलच उचलतो, हेही तितकंच खरं वाटतं. तीन चलांच्या अशा मांडणीत बाण कसेही फिरव, समीकरणं आकड्यांवर सारखीच चपखल बसतात. आकडे यातून एक मांडणी निवडून देत नाहीत.

तुझ्या बाबतीत तर मोजमापांतच गाठ आहे. पिट्सबर्ग इंडेक्स गेल्या एक महिन्याची झोप विचारतो. टेस्ट अँक्झायटी इन्व्हेंटरी, स्पीलबर्गर यांची २० वाक्यांची, परीक्षेच्या वेळी एरवी सहसा कसं वाटतं ते विचारते. म्हणजे स्वभावच. जो मुलगा सहावीपासून परीक्षेला घाबरतो त्याची ती धास्ती गेल्या महिन्याच्या झोपेनं निर्माण केली, असं तू म्हणते आहेस. परिणाम कारणाच्या आधीचा झाला! बाहेरचा परीक्षक जाणता असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि त्याला ना सोबेलनं उत्तर देता येईल ना बूटस्ट्रॅपनं.

दुसरी अडचण तिसऱ्या कारणाची. घरानं कर्ज काढून फी भरली आहे, गेल्या वर्षी पाच मार्कांनी हुकलं आहे, खोली रस्त्यावर आहे आणि रात्रभर गाड्यांचे हॉर्न. यातली पहिली दोन झोपही बिघडवतात आणि चिंताही वाढवतात. तुझ्या बी मध्ये ती दोन्ही मिसळलेली आहेत. आणि मधला चल नीट मोजला गेला नसेल, अल्फा (प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा) ०.६० वगैरे असेल, तर बी साधारणपणे दबतो आणि सी-प्राइममध्ये झोपेचाच हिस्सा जाऊन बसतो. बॅरन-केनींनी १९८६ मध्येच हे लिहून ठेवलंय. ते पान मात्र कोणी वाचत नाही.

वाटेवरचे आकडे गुणायची ही रीत मुळात सिवॉल राइट यांची. अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञ, गिनीपिगच्या अंगावरच्या ठिपक्यांचा हिशेब लावता लावता १९२० च्या सुमारास त्यांनी पाथ कोइफिशिएंट काढले. त्यांनीच १९३४ मध्ये बजावून ठेवलं की नुसत्या सहसंबंधांच्या आकड्यांतून कारण शोधून काढणं अशक्य आहे, आणि ही पद्धत त्यासाठी नाहीच. आधी कार्यकारणाचं काही ठाऊक असलं पाहिजे, मग ही पद्धत त्याचे आकडे देते. नव्वद वर्षं होऊन गेली, आपण अजून उलटंच करतो आहोत.

मग करायचं काय? पुन्हा सुरुवात करायची असती तर तीन वेळा मोज म्हटलं असतं. बॅच सुरू होताना, दिवाळीची सुटी संपवून मुलं परतल्यावर, आणि परीक्षेच्या महिनाभर आधी. मॅक्सवेल आणि कोल यांनी २००७ मध्ये दाखवलं की एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून काढलेला अप्रत्यक्ष परिणाम वेळेच्या ओघात मोजलेल्या परिणामापेक्षा पार वेगळा येऊ शकतो, मोठा किंवा लहान, कसाही. तुझ्याकडे आता तेवढा वेळ नाही, हे मला माहीत आहे. पण फोन नंबर घेतले असशील तर सापडतील तितक्यांना दुसऱ्यांदा भेट. दोन वेळाही चालतात. आधीचा मोबाइल नंतरच्या झोपेवर, आधीची झोप बरोबर धरून. आधीची झोप नंतरच्या चिंतेवर, आधीची चिंता बरोबर धरून. हे दोन आकडे गुण. त्यात वाट पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सारखीच राहिली असं गृहीत आहे, ते लिही. चिंतेचं माप मात्र दुसऱ्या खेपेला गेल्या आठवड्याचं विचारणारं घे.

तेही जमत नसेल तर निदान संवेदनशीलता तपास. इमाई, कील आणि टिंगली यांनी २०१० मध्ये रीत दिली आहे, आर मध्ये ‘मीडिएशन’ नावाचं फुकट पॅकेज आहे. न मोजलेलं तिसरं कारण झोप आणि चिंता यांच्या उरलेल्या भागांत किती सहसंबंध आणत असेल तर तुझा अप्रत्यक्ष परिणाम शून्य होईल, तो आकडा ते देतं. ०.१० लाच कोसळत असेल तर दावा नाजूक आहे, ०.५० पर्यंत टिकत असेल तर जरा धीर धर. आणि प्रकरणाच्या मथळ्यात ‘परिणाम’ लिहू नकोस. ‘ही माहिती अशा वाटेशी विसंगत नाही’ असं एक वाक्य निष्कर्षात घाल, आणि बाण उलटा लावूनही काय आलं ते पुढच्याच कोष्टकात दे. परीक्षकानं विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं असतं.

प्रश्न

मीडिएटर आणि मॉडरेटर यांत नक्की फरक काय? दोन्हींत काहीतरी गुणतातच. तोंडी परीक्षेत गोंधळ झाला.

– एम.ए. मानसशास्त्र, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर

गोंधळ गुणाकारानंच होतो. मॉडरेटरमध्ये तुम्ही चल गुणता, मीडिएटरमध्ये गुणक गुणता. मोबाइल गुणिले लिंग असा नवा रकाना तयार करून तो रिग्रेशनमध्ये घातलात तर ते मॉडरेशन. त्यात प्रश्न असतो की मोबाइलचा परिणाम मुलींत वेगळा आणि मुलांत वेगळा आहे का. मीडिएशनमध्ये प्रश्न असतो की परिणाम कशाच्या मार्फत पोचतो, आणि तिथे दोन समीकरणांतून आलेले ए आणि बी गुणायचे. ओळखायची खूण सोपी आहे: मधल्या चलात कारणामुळे बदल व्हायला हवा. मोबाइल वापरून कोणाचं लिंग बदलत नाही, म्हणून लिंग कधीच मीडिएटर होणार नाही, झोप होऊ शकते. प्रोसेसमध्ये मॉडेल १ मॉडरेशनचं आणि मॉडेल ४ साध्या मीडिएशनचं. ७ आणि १४ मध्ये दोन्ही एकत्र, म्हणजे वाटच कोणासाठी तरी वेगळी. परीक्षेत तिथपर्यंत जाऊ नका, विचारल्याशिवाय.

प्रश्न

मी बँकेतून निवृत्त झालो, रोज सकाळी प्राणायाम करतो. बातम्यांत नेहमी वाचतो की अमक्या गोष्टीनं झोप सुधारते ‘आणि म्हणून’ ताण कमी होतो. हे ‘आणि म्हणून’ किती खरं मानायचं?

– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

प्राणायाम चालू ठेवा, त्याला माझ्या परवानगीची गरज नाही. ‘आणि म्हणून’ बद्दल तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे.

असा अभ्यास चांगला झाला असेल तर माणसं सोडत काढून दोन गटांत वाटलेली असतात. एका गटाला प्राणायाम, दुसऱ्याला नाही. मग पहिला गट चांगला झोपला, तर ते प्राणायामानंच, असं म्हणता येतं. ताण कमी झाला, तर तोही. इथपर्यंत सोडतीचा आधार आहे. पण झोप सुधारली म्हणून ताण घटला, या अर्ध्या वाक्याला सोडतीचा आधार नाही, कारण कोण किती चांगलं झोपेल याची सोडत कोणी काढलेली नव्हती. गटात जे चांगले झोपले ते कदाचित मुळातच शांत स्वभावाचे, किंवा त्यांच्या घरी लहान नातवंडं नाहीत. बुलॉक, ग्रीन आणि हा या तिघांनी २०१० मध्ये याच मुद्द्यावर एक मोठा लेख लिहिला. प्रयोग केला म्हणजे मधला दुवाही सिद्ध झाला, हा समज मानसशास्त्रात किती पसरला आहे, ते त्यात सापडेल.

त्याला उपाय आहे, पण खर्चिक. दुसरा प्रयोग करायचा आणि त्यात झोपच हातात घ्यायची. काही लोकांची झोप दुसऱ्या मार्गानं सुधारायची, प्राणायाम नाही, आणि मग ताण बघायचा. स्पेन्सर, झान्ना आणि फाँग यांनी २००५ मध्ये हीच साखळी सुचवली होती. बातमीत दोन प्रयोगांचा उल्लेख असेल तर थोडं जास्त मनावर घ्या. एकच प्रश्नावली भरून घेतली असेल तर पान उलटा आणि पोहे खा, जिरावन जरा कमी घालून.

प्रश्न

मीडिएशनसाठी किती फॉर्म लागतात? कोणी १०० म्हणतं, कोणी ३००. आमच्याकडे सगळे ‘दर प्रश्नामागे दहा’ हा नियम सांगतात.

– देवास

उत्तर

दर प्रश्नामागे दहा हा नियम दुसऱ्या कामाचा आहे, फॅक्टर अनॅलिसिसचा, आणि तिथेही कामचलाऊच. इथे प्रश्न असा की वाटा किती ठळक आहेत. फ्रिट्झ आणि मॅकिनन यांनी २००७ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्समध्ये हिशेब करून दिला. असलेला परिणाम शंभरपैकी ऐंशी वेळा पकडायचा असेल आणि दोन्ही वाटा मध्यम असतील, म्हणजे प्रमाणित गुणक ०.३९ च्या आसपास, तर बायस-करेक्टेड बूटस्ट्रॅपला ७१ लोक पुरतात, सोबेलला ९०. दोन्ही वाटा बारीक असतील, ०.१४ च्या, तर तेच आकडे ४६२ आणि ६६७. आणि बॅरन-केनींच्या चार पायऱ्यांनी जायचं, सरळ परिणाम शून्य असताना? २०,८८६. हो, वीस हजार. छपाईची चूक नाही. वर गाईडांच्या पहिल्या पायरीवर जी विद्यार्थिनी अडली आहे तिला हा आकडा कामी येईल.

साधा पर्सेंटाइल बूटस्ट्रॅप वापरणार असाल, आणि मी तोच वापरा म्हणते, तर ४६२ च्या जागी ५५० ते ६०० धरा. तुमच्या वाटा मध्यम आहेत असं आधीच्या अभ्यासांवरून पक्कं सांगता येत नसेल तर बारीकच समजा. आपल्या विषयात त्या बहुतेक बारीकच निघतात.

प्रश्न

माझा शेवटचा चल पास-नापास असा आहे, म्हणून लॉजिस्टिक रिग्रेशन केलं. ए आणि बी चा गुणाकार आणि सी वजा सी-प्राइम हे दोन्ही सारखे यायला हवेत ना? माझे जुळत नाहीत. कुठे चुकलं?

– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर

तुमचं काही चुकलं नाही. ती बरोबरी साध्या रेषीय रिग्रेशनची आहे, तीही दोन्ही समीकरणांत तीच माणसं असतील तर. लॉजिस्टिकमध्ये उरलेल्या भागाचं विचरण ठरावीक धरलेलं असतं, म्हणून नवा चल घातला की सगळ्या गुणकांची मोजपट्टीच बदलते. सी एका पट्टीनं मोजलेला, सी-प्राइम दुसऱ्या, त्यांची वजाबाकी कशाला करायची? मॅकिनन आणि ड्वायर यांनी १९९३ मध्ये हे दाखवून पट्टी सारखी करायची रीत दिली आहे. ‘एकूण परिणामाच्या इतके टक्के झोपेमार्फत’ असं वाक्य लिहिलं असेल तर ते आजच खोडा. गुणाकार आणि त्याचा बूटस्ट्रॅप इंटरव्हल द्या, किंवा सरळ इमाईंच्या पॅकेजमध्ये जाऊन परिणाम पास होण्याच्या शक्यतेतल्या फरकाच्या रूपात काढा. ते वाचणाऱ्यालाही समजतं. आणि मुळात मार्क हातात असताना पास-नापास केलं असेल तर मार्कांकडे परत जा, ३३ वाला आणि ९० वाला एकाच खान्यात टाकून माहिती फेकू नका.